चंचीतलं पातं

पुण्यात बाजीराव रस्त्याच्या आतल्या बाजूला, नातूबागेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिवे, दौती, वाद्यं, कोरीव दरवाजे पाहत फिरणारी माणसं तिथल्या अडकित्त्यांपाशी हटकून रेंगाळतात. कुणाच्या दांड्यांचे मोर झाले आहेत, कुणाचे पोपट, कुणाचे घोडे. काहींवर स्त्री-पुरुषाची जोडी आहे. एकेका दांड्यावर एकेक आकृती, त्यामुळे अडकित्ता मिटला की दोघं एकमेकांजवळ येतात. पाहणारा नक्षीत गुंततो आणि पात्याकडे बघायचंच राहून जातं. खरं तर या वस्तूची पारख पात्यापासून सुरू व्हायला हवी, कारण कित्येक पिढ्या मराठी माणसाच्या अंगावर सतत असलेलं पातं म्हणजे हेच.

घडीच्या चाकूचा इतिहास सांगताना जग इंग्लंडमधलं शेफिल्ड, जर्मनीतलं सोलिंगेन आणि स्वित्झर्लंड यांची नावं घेतं. ती नावं घ्यावीत अशीच आहेत. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स घराण्याची चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही खूण 1682 सालची. 1822 मध्ये याच कारखान्याला राजाश्रय मिळाला, आणि त्याच सालाच्या आकड्याइतकी, म्हणजे 1822 पाती असलेला एक अचाट चाकू त्यांनी दाखवायला म्हणून घडवला. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये इबाख गावी कारखाना काढला, 1891 पासून सैन्याला चाकू पुरवले आणि 12 जून 1897 रोजी अधिकाऱ्यांसाठीच्या बहुपाती चाकूची नोंदणी केली. लाल मुठीचा जो चाकू आज सर्वांना ठाऊक आहे, त्याचा हा पूर्वज.

अशा चाकूंचे जाणकार विकत घेताना काय बघतात? पातं उघडताना आणि मिटताना होणारा आवाज. सांध्यात डगमग आहे का. मिटल्यावर प्रत्येक पातं आपापल्या खाचेत शेजारच्याला न घासता बसतं का. दोन-तीन पाती एकाच मुठीत शेजारी शेजारी राहावीत म्हणून शेफिल्डचे कारागीर प्रत्येक पात्याला मुळाशी अगदी किंचित बाक देत, आणि तो बाक हातानंच साधावा लागे. मुठीवरचं शिंग किंवा शिंपला नंतर पाहायचा, आधी सांधा आणि पातं. हीच शिस्त अडकित्त्याला लावली की केळकरांच्या संग्रहाकडे बघण्याची दृष्टी बदलते.

पुण्याच्या पेठांमध्ये लहान पात्याची गरज दोन प्रकारच्या माणसांना होती. पहिला कारकून. पेशवाईत मोडी लिहायची ती बोरूनं, आणि बोरूचं टोक लिहिता लिहिता झिजतं, फाटतं. ते पुन्हा तासायला कलमदानात एक छोटा, अत्यंत धारदार चाकू असे. तिरका काप नीट बसला नाही तर अक्षराची जाडी बिघडते, आणि मोडीसारख्या हात न उचलता धावणाऱ्या लिपीत बिघडलेली जाडी लगेच दिसते. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. त्या खंडांच्या मागे जी अफाट लिखापढी आहे, तिच्यातली ओळ न् ओळ अशा कुठल्या तरी चाकूनं तासलेल्या बोरूतून उतरली. पुढे बर्मिंगहॅमच्या पोलादी निबांनी टाक आणला. निब झिजला की फेकून नवा बसवता येऊ लागला, आणि कारकुनाच्या चाकूला काम उरलं नाही. केळकर संग्रहालयात दौती आहेत, एकाहून एक सुंदर आहेत. त्या चाकूची मात्र कुणाला फारशी आठवण नाही.

दुसरा माणूस पान खाणारा. त्यात सगळेच आले.

पुण्याचं आणि सुपारीचं नातं राज्यकर्त्यांइतकंच जुनं आहे. 1713 मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे, आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी आजही नाव राखून आहे. टपोरी, आतून पांढऱ्या गराची, तपकिरी शिरांची जाळी नेमकी उमटलेली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही याच गावात आहे. बाजीरावांनी 1730 मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला आणि पुणं राजकारणाचं ठिकाण झालं, तशी कोकणातली माणसं घाट चढून इथं आली. त्यांच्या मागोमाग त्यांच्या सवयीही आल्या. दरबारात विडा देणं म्हणजे निरोप देणं. मोहिमेची जबाबदारी घेणं म्हणजे विडा उचलणं. पुढे इंग्रजी अमदानीतही सभा-समारंभांची सांगता अत्तरगुलाब आणि पानसुपारीनं होत राहिली.

घरात सुपारीचा आणखी वेगळा मान. पूजेत गणपती म्हणून मांडली जाते ती सुपारीच. लग्न ठरलं की सुपारी फुटते. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात कट्यार, सुरी किंवा अडकित्ता देऊन त्याला मांडवापर्यंत सांभाळून नेण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. लोखंडाचं पातं दृष्ट लागू देत नाही, ही त्यामागची समजूत. एरवी पानाच्या डब्यात पडून राहणारं हत्यार अशा दिवशी एकदम मानाचं होतं.

डब्यातला अडकित्ता आणि अंगावरचा अडकित्ता यांत फरक असे. घरात पितळी डबा किंवा तबक असायचं. त्यातला अडकित्ता मोठा, वजनदार. दुपारी जेवणं आटोपल्यावर बायका सुपारी कातरायला बसत. लग्नकार्य जवळ आलं की हे काम शेरांनी चाले. बाहेर पडणाऱ्या पुरुषाकडे चंची. ही कापडाची लांबट पिशवी. तिला एकाखाली एक कप्पे. एकात पानं, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी, कुणाकडे तंबाखू. गुंडाळून दोरीनं बांधायची आणि कमरेला खोचायची. कित्येक चंच्या घरच्या बायकांनी जुन्या लुगड्यांच्या काठांतून शिवलेल्या असत. त्यातल्या एका कप्प्यात बोटभर लांबीचा अडकित्ता. एकाच मुठीत सगळी हत्यारं भरणारा युरोपी चाकू आणि एकाच गुंडाळीत सगळी सामग्री भरणारी चंची यांचा उद्देश अगदी जवळचा आहे. घरापासून लांब असलं तरी कुणापुढे हात पसरावा लागू नये.

आता हे हत्यार चालतं कसं ते बघायला हवं. शाळेच्या विज्ञानात दुसऱ्या प्रकारच्या तरफेचं उदाहरण म्हणून अडकित्ता असतो. टेकू एका टोकाला, हाताचा जोर दुसऱ्या टोकाला, आणि ज्याला फोडायचं ती सुपारी मध्ये. सुपारी खिळ्यापासून 3 सेंटिमीटरवर आणि हात 15 सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा जोर सुपारीवर पाचपट होऊन पडतो. दिसायला हे साधं गणित आहे, पण कारागिराची परीक्षा त्यातच होते. सुपारी गोल आणि गुळगुळीत असते. दांडे फार उघडले तर पातं तिच्यावर तिरकं येतं आणि ती पुढे निसटते. म्हणून पात्याला बहुधा बाक देतात आणि खालची बैठक सपाट, रुंद ठेवतात. पातं बैठकीला संपूर्ण लांबीभर एकाच वेळी टेकलं पाहिजे. मध्ये केसभर फट राहिली तर सुपारी कातरली जात नाही, चिरडते.

सबंध लोखंडी अडकित्ता लोहाराचं काम. भाता, ऐरण, घण, मग कानस. पितळी अडकित्ता दोन हातांतून जातो. दांडे ओतीव पितळेचे, पण पातं पितळेचं करून चालत नाही, सुपारीपुढे पितळ टिकत नाही. म्हणून पोलादाचं पातं वेगळं घडवायचं, त्याला पाणी पाजायचं आणि पितळी दांड्यातल्या खाचेत रिव्हेटनं पक्कं करायचं. फार कडक पाणी दिलं तर धार तुकड्यानं उडते, कमी दिलं तर दोन पसे सुपारी कातरेपर्यंत बोथट होते. मोर आणि घोडे घडवणाऱ्या ओतकाऱ्याचं कौतुक आपण करतो ते रास्तच आहे. पण पाण्याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी घेणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाचं कौतुक कपाटाच्या काचेतून दिसत नाही, आणि ते व्हायला हवं.

पुणं लोखंडापेक्षा तांब्या-पितळेसाठी अधिक ओळखलं गेलं. पेशव्यांच्या काळात कोकणातून तांबट इथं येऊन वसले. तांबट आळीत मठाराच्या हातोडीचा आवाज आजही येतो. 1885 मध्ये निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनं भांडी घडवण्याचा हा व्यवसाय शहरातल्या प्रमुख धंद्यांत मोजला आहे. अडकित्त्यांसाठी नावाजलेली गावं मात्र गुजरातेत: जामनगर, आणि कच्छमधलं रेहा, जिथं चाकू आणि सुपारीची सुडी घडवणारी घराणी आहेत. उत्तरेत हेच हत्यार सरौता म्हणून ओळखतात, श्रीलंकेत गिरय, मलाय मुलखात कचिप. जिथं जिथं सुपारी खाल्ली गेली तिथं तिथं लोहारानं या एकाच रचनेला आपापला चेहरा दिला. जावा-बालीकडे घोड्याची किंवा काल्पनिक प्राण्याची मान असलेले देखणे नमुने आढळतात.

पुण्यात अडकित्त्यांची इतकी रूपं एका छपराखाली बघायला मिळतात, ती दिनकर गंगाधर केळकर यांच्यामुळे. जन्म 1896 चा. पुण्यात चष्म्यांचं दुकान. कविता ‘अज्ञातवासी’ या नावानं. ‘महाराष्ट्र शारदा’ या कवितासंग्रहाचं संपादनही त्यांनी केलं. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे.

केळकरांचं मोठेपण त्यांनी काय जमवलं त्यात आहे. त्या काळी इतिहास म्हणजे तलवारी, सनदा आणि नाणी, आणि पुण्यात 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ कागदपत्रांचं काम निष्ठेनं करतच होतं. केळकर स्वयंपाकघरात आणि माजघरात शिरले. गावोगाव हिंडून त्यांनी विळ्या, किसण्या, दिवे, फण्या, वजऱ्या, कुलपं, दौती आणि अडकित्ते मागून, विकत घेऊन, कधी भांडी देऊन बदल्यात आणले. मोडीत निघालेलं पितळ वितळायच्या आधी त्यांच्या हाती लागावं यासाठी ही धावपळ होती. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभे केले, त्याची चर्चा अधिक होते. पण एखाद्या अज्ञात आजीच्या हातात तीस-चाळीस वर्षं झिजलेला अडकित्ताही इतिहासाचा पुरावा आहे, हे ओळखणं त्याहून अवघड होतं. 1975 मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. 20,000 च्या आसपास वस्तूंचा हा ठेवा त्यांनी एका आयुष्यात उभा केला. 1990 मध्ये ते वारले.

अडकित्त्याचा असाच दुसरा वेडा न्यूयॉर्कमध्ये होता. सॅम्युएल आयलेनबर्ग हे विसाव्या शतकातले मोठे गणिती, कॅटेगरी थिअरीच्या जनकांपैकी एक. भारत आणि आग्नेय आशियातल्या छोट्या धातुशिल्पांचा त्यांना ध्यास होता. त्यातलं बरंच त्यांनी मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिलं. त्यांच्याकडे अडकित्तेही इतके जमले होते की हेन्री ब्राउनरिग यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी केवळ त्या संग्रहावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. एक कवी आणि एक गणिती, दोघांनाही याच वस्तूनं खेचून घ्यावं, याचं नवल वाटायला नको. दोन दांडे आणि एक खिळा, इतक्या कमी ऐवजात इतकी रूपं फार थोड्या वस्तूंना मिळाली आहेत.

मग हे हत्यार हातातून सुटलं कसं? धोतर-बाराबंदी गेली, शर्ट-पँट आली आणि चंचीला कमर उरली नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे कातरलेली सुपारी तयार मिळू लागली, नंतर ती पुड्यांत आली. त्याहून मोठं कारण आरोग्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायचं पान आणि नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. तोंड उघडेनासं होण्याचा जो आजार दंतवैद्यांना रोज दिसतो, तो सुपारीचाच. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. अडकित्त्यावर प्रेम करणाऱ्यानंही ही गोष्ट आडपडदा न ठेवता मान्य करावी. सुपारी सोडली म्हणून पातं टाकून द्यावं लागत नाही.

विकत घ्यायचा तर नवे अडकित्ते तुळशीबागेत, बोहरी आळीत मिळतात. जुन्यासाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरणारा. तिथं सकाळी लवकर जावं आणि घाई करू नये. अडकित्ता हातात घेऊन पूर्ण उघडावा, आडवा हलवून बघावा. सांधा डावी-उजवीकडे हलत असेल तर पातं बैठकीवर कधीच नीट बसणार नाही. खिळा सैल असेल तर ठोकून घेता येतो, भोकच मोठं झालं असेल तर पैसे वाया. मग मिटून उजेडासमोर धरावा. पातं आणि बैठक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर ती कुठं आहे ते पाहावं. मधोमध दिसली तर पात्याला फार वेळा धार लावून ते खोलगट झालंय असं समजावं. टोकाशी दिसली तर दांडा वाकलाय. विक्रेत्याची हरकत नसेल तर सोबत नेलेली एक खारीक कातरून बघावी. सपाट, बिनचुऱ्याचा काप पडला तर बाकीचे दोष माफ.

जुना म्हणून विकला जाणारा अडकित्ता खरोखर वापरातला आहे का, हे झीज सांगते. बैठक सुपारी बसते तिथंच खोलगट झालेली असते. दांड्यांची नक्षी तळव्याला आणि अंगठ्याला लागते तेवढ्याच भागात पुसट होते, कोपऱ्यांत शाबूत राहते. शोभेसाठी काढलेल्या नव्या नगांवर काळपटपणा सगळीकडे सारखा असतो, साच्याचा सांधा कानशीनं घासलेला दिसतो, आणि पातं कधी कधी पितळेचंच असतं. असा नग भिंतीवर छान दिसेल, पण तो अडकित्ता नव्हे. नक्षी साधी आणि पातं चोख असलेला लोखंडी अडकित्ता, मोर मिरवणाऱ्या बोथट पितळी नगाहून दहापट मोलाचा. बाजारभाव नेमका उलटा असतो, हे जाणकार ग्राहकाच्या पथ्यावरच पडतं.

एक गोष्ट कायद्याची. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलांना आजीचा अडकित्ता पाठवायचा विचार असेल तर आधी त्याचं वय बघावं.

आणल्यावर पितळ चिंच किंवा पावडरीनं घासून लखलखीत करण्याचा मोह आवरावा, वर्षानुवर्षांची साय एका दुपारीत निघून जाते. लोखंडावरचा गंज केरोसिनच्या बोळ्यानं पुसावा, सांध्यात तेलाचा थेंब सोडावा. धार बारीक दगडावर, पात्याचा मूळचा बाक सांभाळून लावावी. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर तो बाक एका फेऱ्यात सपाट होतो.

आणि मग तो वापरावा. थंडी पडली की पुण्यातल्या घरांत डिंकाचे लाडू होतात, बाळंतिणीसाठी तर हमखास. खारीक बिया काढून फोडायची, बदामाचे पातळ काप करायचे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे पाडायचे. मिक्सर या सगळ्याची पूड करतो, त्यात कमी-जास्त काही राहत नाही. अडकित्ता हवा तेवढाच जाड काप देतो, आणि लाडू खाताना खारीक दाताखाली वेगळी लागते. ज्येष्ठमधाची काडी, सुंठेचा गड्डा यांनाही तोच बरा. काम झालं की पात्याला चिकटलेला गोडवा ओल्या फडक्यानं पुसायचा, कोरडं करायचं आणि अडकित्ता उघडा न ठेवता मिटून ठेवायचा, म्हणजे धारेवर दुसरं भांडं आपटत नाही.